दोन फेकी

डिस्क गोल्फ खेळताना सासरेबुवांना जावई जरा जास्तच बावळट वाटायचा. मोकळ्या मैदानात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, तबकडी टोपलीत टाकायला त्यांनाही पाच फेकी लागायच्या, पण ते वाऱ्यामुळे. झाडीत मात्र ते एकटेच पुढे घुसायचे आणि थोड्या वेळाने दोन बोटं नाचवत बाहेर यायचे.

"झाडीत डोकं लागतं, जावईबापू. मुलगी दिली, आता डोकंही मीच देऊ का?"

जावयाने त्यांच्या नावापुढे 'दोन' लिहिलं.

परतताना गाडीत सासरेबुवांनी फोन स्पीकरवर घेतला. पलीकडे मैदानाचा माळी होता.



"साहेब, तुमचा फोन नंबर लिहिलेली अजून एक तबकडी झाडावर अडकलेली सापडली. आधीच्या अकरा आहेत, त्यांच्यातच ठेवू का?"