भावजींचे हात

वहिनी माहेरी गेलेली बघून धाकट्या दिराने तिचा जुना गेम कन्सोल डिस्कच्या खोक्यासकट भंगारवाल्याला देऊन टाकला. "वहिनी, आता सगळे गेम क्लाउडवरून चालतात. ते डबडं हवंय कुणाला?" ती परतल्यावर तो म्हणाला आणि वर दात काढून हसला. वहिनीने कॉलेजपासून जिंकलेलं सगळं त्या डबड्यात होतं. ती इंटरनेट कंपनीत लाइन जोडायची. दिराच्या क्लाउडसाठी नवा राउटर तिने स्वतःच्या हाताने बसवून दिला.

त्याच आठवड्यापासून गल्लीचा हा चॅम्पियन हरू लागला. शेंबडी पोरंसुद्धा त्याला लोळवू लागली. त्याने चष्मा केला, नसांच्या डॉक्टरकडे खेटे घातले, पण गुण येईना.

"वहिनी, उद्या फायनल आहे आणि माझे हातच गेले हो," तो रडवेला होऊन म्हणाला.

"तिशी आली भावजी, व्हायचंच असं," वहिनीने मायेने त्याच्या पाठीवरून हात फिरवला.



मग खोलीत जाऊन तिने राउटरमध्ये त्याच्या गेमला लावून ठेवलेला पाव सेकंदाचा उशीर अर्धा सेकंद केला.