सुमात्राची शीळ

पक्ष्यांच्या गाण्याची स्पर्धा जिंकली तर सुत्रिस्नोला मोटरसायकल मिळणार होती. म्हणून त्याने सुमात्राच्या जंगलातून चोरून आणलेला शामा पक्षी विकत घेतला आणि आपल्या अकरा पक्ष्यांना त्याची शीळ शिकवायला त्याचा पिंजरा मधोमध टांगला.

“माझ्याशी बोलायला वेळ नाही, पाखरांच्या मात्र शिकवण्या!” बायको लास्त्री म्हणाली.

तीन दिवसांत अकराही पक्षी आपापलं गाणं विसरून तीच शीळ घालू लागले. चौथ्या दिवशी बाहेर तारेवरच्या साळुंक्याही.

“लास्त्री, जिंकलोच म्हणून समज!”

लास्त्री दारात आली, दोन्ही हात गळ्यावर धरून. बोलायला गेली, तर तोंडातून ती शीळ निघाली. घाबरून तिने शेजारच्या मिनार्तीबाईंना हाक मारली. पुन्हा शीळच.

भिंतीपलीकडून मिनार्तीबाईंनी तशीच शीळ घालून ओ दिली.

त्यांच्या घरी तर एकही पिंजरा नव्हता.