मंदारची हाक

तौफीकने दुकानाच्या काउंटरवर एक बारीक मणी ठेवला. "मावशी, तुमच्या लॅपटॉपमधलं सगळं यात आलं. आता नुसता कानामागे लावायचा."

केतकीने शेजारी पडलेल्या लॅपटॉपकडे पाहिलं. मंदार गेल्यापासून अकरा वर्षं तिने तो पुसून-पुसून जपला होता. त्यात नवऱ्याचा एवढाच आवाज होता: माईक चालतो का बघताना त्याने तिला मारलेली हाक. मंदार अडखळत बोलायचा, आणि सगळ्यात जास्त अडायचा तो तिच्याच नावावर. "के... के... के..." करत नाव पुरं होईपर्यंत ती हातांचं पीठ झटकत त्याच्यापुढे येऊन उभी असायची.

तिने मणी लावला.

"केतकी, जरा इकडे ये." मंदारचाच आवाज, पण एका दमात.

"हे अडखळत का नाहीत?"

"मणी आवाज साठवत नाही, मावशी. माणसाला काय म्हणायचंय तेवढं घेतो आणि त्याच्याच गळ्याने नीट बोलून दाखवतो."

"मग मला जुनंच द्या परत."

तौफीकचा चेहरा उतरला. "मणी वाचत जातो तसं जुनं पुसलं जातं. मला वाटलं, रेकॉर्डिंग खराब झालंय. सुधारलं ते बरंच झालं, असंच वाटलं."

केतकीने डोळे मिटून हाक पुन्हा ऐकली. मनातली ती अजून ओट्यापाशीच पीठ झटकत होती, आणि हाक मारून झालीही होती.