चहाचं उदाहरण

आयटीतली उत्तरा पडद्यावर तिसरा ग्राफ दाखवू लागली, तेव्हा मोठ्या साहेबांनी जांभई दाबली. कंपनीचा सगळा डेटा ज्या स्टोरेजवर होता, त्याची दमछाक झाली होती. नवं मंजूर झालं नाही, तर ते ऐन मार्चएंडला मान टाकणार होतं.

ग्राफ बाजूला सारून ती म्हणाली, "साहेब, कँटीनमध्ये चहाला एकच खिडकी आहे. रांग पार जिन्यापर्यंत जाते. स्टोरेजचं अगदी तस्सं झालंय."

साहेब एकदम ताठ बसले. "जिन्यापर्यंत? अहो, मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

सोमवारी कँटीनमध्ये चहाची दुसरी खिडकी उघडली. स्टोरेज होतं तिथेच धापा टाकत राहिलं.

कपाळाला हात लावून उत्तरा बिनरांगेचा चहा पीत होती. तेवढ्यात अकाउंट्सच्या नाडकर्णी मॅडम शेजारी सरकल्या आणि हळूच म्हणाल्या, "अगं, पुढच्या मीटिंगला लेडीज टॉयलेटचं उदाहरण दे ना!"