लेस्टरमधली पिचकारी

शिकायला लेस्टरला आले, त्यानंतरचा पहिलाच रविवार. चर्च झालं, संग्रहालय झालं, पायांचे तुकडे पडले. पण मांस नसलेलं धड काही खायला मिळेना. त्यात एका गल्लीत वळले, तर भिंतीवर पानाची लालभडक पिचकारी! शी! पंचवटी सोडताना वाटलं होतं, निदान ही घाण तरी सुटली.

तिथूनच आईला व्हिडिओ कॉल लावला. "बघ गं, इथेही येऊन थुंकलेत मेले! सकाळपासून पोटात अन्न नाही, वर हे बघायचं!"

आईने चष्मा लावून ती भिंत नीट निरखली.



"वेदे, ताजी दिसतेय गं ही. जरा पुढे जाऊन बघ, तिथेच कुठेतरी आपलं जेवण मिळेल."