येते

फोनवर बालुकूचं बोलणं यंत्रातून मराठीत येत होतं, पण त्यातली काळजी त्याचीच होती. "मॅडम, तुमचं रोप दलदल सोडून निघालंय. हेलिपॅडच्या कोरड्या वाटेवर आलंय. टोकं उन्हात करपली, तरी थांबत नाही."

शाल्मलीने कुकरखालचा गॅस बंद केला. आफ्रिकेतल्या त्या डोंगरउतारावरच्या संशोधन केंद्रात दोन वर्षं ती एकटी राहिली होती. बालुकू आठवड्यातून एकदा शिधा घेऊन वर यायचा. एरवी बोलायला होतं ते दलदलीत सरपटणारं हे रोप. पेरापेराला मुळं धरत ते इतकं पसरलं होतं, की सगळी दलदल मिळून ते एकच होतं. त्यालाही दुसरं कोणी नव्हतं. यंत्र त्याचे संदेश तिला शब्दांत सांगायचं आणि तिचे शब्द त्याला पोचवायचं.

"निघताना त्याला काय सांगितलंत?" बालुकूने विचारलं.

"येते, म्हटलं."

रोज संध्याकाळी झोपडीकडे वळताना ती तेच म्हणायची आणि सकाळी पुन्हा त्याच्यापाशी जायची. केंद्र कायमचं बंद झालं, त्या दिवशीही तोंडून तेच निघालं.

"मग ते तुम्हाला घ्यायला निघालंय. कधी येताय म्हणून सांगू?"

"बालुकू, आमच्यात जाताना 'जाते' म्हणत नाहीत. येते म्हणतात."



"आणि खरंच परत येणार असलात, तर काय म्हणता?"

"तेच," शाल्मली म्हणाली.