अण्णांच्या नाटकातलं पद

अण्णांचं संगीत नाटक तीन प्रयोगांत आटोपलं. कारखान्यात बरोबर काम करणारे चार मित्र सोडले, तर मध्यंतरानंतर कुणी थांबलं नाही.

त्यांच्या दहाव्याला पवनेच्या घाटावर कावळा भिंतीवर नुसता बसून राहिला. पिंडाला काही शिवेना. "आईला सांभाळीन," असं त्यांच्या लेकीनं, मृदुलानं, दोनदा सांगून झालं.

"अण्णा, तुझं नाटक परत लावतो बघ," मित्रांतले ज्ञानोबाकाका म्हणाले.

"राव, आहे तो कावळाही घालवाल," मामा पुटपुटले.

चौघांनी तरीही नाटकातलं पद धरलं, तानांसकट. ते संपल्यावरच कावळा खाली उतरला आणि पिंडाला शिवला.

मृदुलाच्या मनात आलं, शेवटपर्यंत थांबलेला हा पहिलाच परका प्रेक्षक. अण्णा असते तर म्हणाले असते, "समोर भात होता म्हणून!"